तारांकित प्रश्नाचे मोल

विरार स्थानकातून पश्चिमेला उतरून आगाशीच्या रस्त्याला लागले की बोळिंज येते. वाड्या, विहिरी आणि केळीच्या बागा ही या गावाची जुनी ओळख. म्हाडाच्या उंच इमारती ही नवी. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ च्या निवडणुकीपासून, इथला मतदार पालघरचा खासदार निवडू लागला. त्यापूर्वी तो उत्तर मुंबई मतदारसंघात होता. १९८९ पासून २००४ पर्यंत, सलग पाच निवडणुकांत, या मतदारसंघाने राम नाईक यांना लोकसभेत पाठविले. या काळातील १९९१ ते १९९६ ही पाच वर्षे नाईक विरोधी बाकावर होते. सत्ता नाही, मंत्रिपद नाही, बहुमत तर नाहीच. हाती होता तो केवळ प्रश्न विचारण्याचा अधिकार. या एका अधिकारातून केवढे काम उभे राहू शकते, हे आज, आपला विचार सत्तेवर असताना, मुद्दाम आठवले पाहिजे.

लोकसभेचा दिवस अकरा वाजता प्रश्नोत्तराच्या तासाने सुरू होतो. दिवसाला वीस तारांकित प्रश्न सोडतीने निवडले जातात. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यायचे असते आणि त्यावर सदस्याला उपप्रश्न विचारता येतो. खरी कसोटी तिथे असते. मूळ उत्तर खात्यातील अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते. उपप्रश्नाला सामोरे जाताना मंत्र्याला स्वतःचे खाते ठाऊक असावे लागते. उत्तराने समाधान झाले नाही, तर नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. ही चर्चा दिवसाच्या अगदी अखेरीस, बाके रिकामी होत असताना होते. वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही तोवर उठून गेलेले असतात. प्रसिद्धीची हौस असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

नाईक या वाटेने गेले. देशातील शाळांमध्ये ‘जन गण मन’ आणि ‘वंदे मातरम्’ गायले जाते काय, असा त्यांचा १९९१ सालचा प्रश्न होता. शिक्षण खाते तेव्हा अर्जुन सिंह यांच्याकडे होते. सर्व शाळांत ते गायले जात नाही, हे उत्तरातून उघड झाले. त्यावर अर्ध्या तासाची चर्चा झाली आणि चर्चेतून पुढचा मुद्दा निघाला : शाळांना विचारणारी संसद स्वतः काय करते? लोकसभेचे तेव्हाचे अध्यक्ष शिवराज पाटील हे लातूरचे, काँग्रेसचे. त्यांनी हा विषय सर्वपक्षीय समितीपुढे नेला. २४ नोव्हेंबर १९९२ रोजी लोकसभेत प्रथमच ‘जन गण मन’ गायले गेले आणि २३ डिसेंबर १९९२ रोजी ‘वंदे मातरम्’. ही दुसरी तारीख पुन्हा पाहावी. सहा डिसेंबरला अयोध्येत जे घडले त्यामुळे सभागृह उभे दुभंगलेले होते. भाजप आणि सरकार एकमेकांसमोर दंड थोपटून उभे होते. अशा दिवसांत विरोधी पक्षाच्या एका सदस्याने विचारलेल्या प्रश्नाची परिणती सर्व पक्षांच्या संमतीने झाली. हे आरडाओरड्याने साधले नसते.

बाळाच्या दुधाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. डब्यातील दुधाच्या जाहिरातींमुळे माता स्तनपान सोडू लागल्या होत्या. यावर नाईकांनी अशासकीय विधेयक मांडले. अशी विधेयके मांडली जातात, शुक्रवारी दुपारी त्यांवर बोलले जाते आणि बहुधा ती तिथेच विसावतात. सरकारने मात्र या विधेयकातील मर्म स्वीकारले आणि १९९२ मध्ये शिशु दुग्धपर्यायांच्या विक्रीवर व जाहिरातीवर बंधने घालणारा कायदा झाला. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीचा पाठपुरावाही त्यांचाच. या योजनेची घोषणा पंतप्रधान नरसिंह राव यांनी २३ डिसेंबर १९९३ रोजी केली. पुढे १९९५-९६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. दरवर्षी आपल्या कामाचा छापील अहवाल मतदारांच्या हाती देण्याचा त्यांचा शिरस्ता होता. विधानसभेत असताना ‘विधानसभेत राम नाईक’, दिल्लीत गेल्यावर ‘लोकसभेत राम नाईक’.

हा शिरस्ता जनसंघाच्या घरातला. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून विधानसभेत गेले. पुढे १९७७ आणि १९८० मध्ये ते ठाण्याचे खासदार झाले. त्यांचा अभ्यास, त्यांची टिपणे आणि पत्रव्यवहाराची शिस्त यांचा दबदबा मंत्रालयात होता. जनसंघाचे संख्याबळ ते काय असणार! बोटांवर मोजावे इतके सदस्य असलेल्या पक्षाला मंत्री गंभीरपणे घेत, कारण प्रश्न विचारणारा माणूस खात्याच्या सचिवाइतकीच तयारी करून येतो हे त्यांना ठाऊक होते. वसईच्या खाडीपलीकडे, उत्तनला, त्यांच्याच नावाची प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते.

हा अधिकार आपल्याला कुणी दान दिलेला नाही. १८९२ च्या कायद्याने कायदे मंडळातील सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. उपप्रश्नाची मात्र नाही. इंग्रज अधिकारी उत्तर वाचून खाली बसला की विषय संपे. त्याच कायद्याखाली लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात निवडून गेले. उपप्रश्नाचा अधिकार पदरात पडायला १९०९ साल उजाडले. स्वातंत्र्यानंतर दहाच वर्षांत या अधिकाराची धार दिसली. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याचे प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेतील प्रश्नांतूनच बाहेर आले आणि ते लावून धरणारे फिरोझ गांधी सत्ताधारी बाकावरचेच होते. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

मग हे शस्त्र बोथट कसे झाले? दोष सर्वांचा आहे, आणि तो सांगताना आपले घर वगळून चालणार नाही. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २००५ मध्ये संसदेने अकरा खासदारांना बडतर्फ केले. त्यांतील सहा भाजपचे होते आणि दोघे तर खानदेशातून निवडून गेलेले. ती तारीखही २३ डिसेंबरच! २०१० चे हिवाळी अधिवेशन दूरसंचार घोटाळ्याच्या गदारोळात वाहून गेले. संयुक्त संसदीय समितीची मागणी रास्त होती, पण त्या गोंधळात मंत्र्यांना अडचणीत आणणारे कित्येक तारांकित प्रश्नही बुडाले. त्या दिवसांत सर्वाधिक सुखात कोण असेल, तर उत्तर देण्याची पाळी असलेला मंत्री. आज काँग्रेस आणि तिचे मित्रपक्ष तोच धडा गिरवीत आहेत. फलक नाचवून ते मंत्र्यांना मोकळे सोडतात. सप्टेंबर २०२० मध्ये साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. लेखी उत्तरे तेवढी चालू राहिली. कारण खरे होते. तरीही उपप्रश्न नसलेले उत्तर म्हणजे १८९२ कडे परत जाणे, हे तेव्हा आपल्यापैकी किती जणांना बोचले?

वरवडकरांना... नव्हे, मालवण तालुक्यातील वराडच्या गावकऱ्यांना, या बाबतीत आयर्लंडची पद्धत ऐकून ठाऊक असेल. तिथले वराडकर घराण्यातील लिओ वराडकर २००७ ते २०११ डब्लिनच्या संसदेत विरोधी बाकावरून मंत्र्यांना प्रश्न विचारीत होते. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि दर मंगळवारी व बुधवारी विरोधी नेत्यांच्या प्रश्नांना स्वतः उभे राहून उत्तर देणे त्यांच्या वाट्याला आले. २०१९ च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले तेव्हा कौतुकाचे सोहळे झाले. त्या कौतुकात या मंगळवार-बुधवारचाही उल्लेख व्हायला हवा होता.

आपल्याकडे निवडणुकीत विरोधी पक्ष भुईसपाट झाला की गुलाल उधळला जातो. कार्यकर्त्याला आनंद होणारच, तो त्याच्या घामाचा आहे. पण विरोधकच उरले नाहीत तर काय होते, ते पाहायला बोळिंजकरांना लांब जावे लागत नाही. २०१५ च्या निवडणुकीत वसई-विरार महापालिकेच्या ११५ जागांपैकी १०६ बहुजन विकास आघाडीने जिंकल्या. भाजपचा नगरसेवक एकच. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया केंद्र व क्षेपणभूमीसाठी राखून ठेवलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडल्या गेल्या आणि २०२५ च्या आरंभी हजारो माणसे उघड्यावर आली. या इमारती एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. ज्या वर्षांत त्यांचे मजले चढले, त्या वर्षांत महापालिकाही होती आणि नगरसेवकही. पुढे जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल राहिला. म्हणजे प्रश्न विचारणारे आधी थोडे होते, मग कुणीच नव्हते. याच काळात, ऑगस्ट २०२५ मध्ये, विरार पूर्वेला इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला अभूतपूर्व यश मिळाले. २८८ च्या सभागृहात एकाही विरोधी पक्षाला एक दशांश, म्हणजे २९ जागा गाठता आल्या नाहीत. २०२५ चे अर्थसंकल्पी अधिवेशन विधानसभेत विरोधी पक्षनेत्याविना झाले. अशा वेळी सत्ताधारी बाकावरील आमदारांची जबाबदारी दुप्पट होते. फिरोझ गांधींचा वारसा काँग्रेसने कधीच सोडला. तो इतरांनी उचलायला हरकत नाही.

विषयांची वाण नाही. सूर्या प्रकल्पातून एमएमआरडीएने आखलेली पाणी योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची, त्यांतला वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा. बोळिंजच्या म्हाडा वसाहतीत हजारो घरे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाविना पडून राहिली, त्यामागे पाणी हे मोठे कारण होते. ठरलेल्या १८५ पैकी प्रत्यक्ष किती पाणी शहराच्या टाक्यांत पोहोचते, त्यातले बोळिंजच्या वाट्याला किती येते आणि कमी पडत असेल तर कोणत्या टप्प्यावर, असा तारांकित प्रश्न नगरविकास खात्याला विचारता येतो. उत्तरात ‘कार्यवाही सुरू आहे’ असे आले, तर उपप्रश्न तयार असावा : कोणत्या तारखेपर्यंत?