सेंट अँड्र्यूजचे पाहुणे

मुंबई-पुण्याकडील गोल्फ खेळणाऱ्या मंडळींत, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या गावी जाऊन तेथील ‘ओल्ड कोर्स’वर एकदा तरी खेळावे ही इच्छा बहुतेकांच्या मनात असते, आणि मुलगा अगर मुलगी नोकरीनिमित्त विलायतेत स्थायिक झाल्यामुळे उन्हाळ्यात महिना-दीड महिना तिकडे काढणाऱ्या आईवडिलांची संख्या वाढल्यापासून ती पूर्वीइतकी दुर्घटही राहिलेली नाही. परंतु या प्रवासाची आखणी आपल्याकडे ज्या रीतीने होते, ती मला सर्वस्वी चुकीची वाटते. प्रवासी कंपनीकडून मूळ शुल्काच्या कितीतरी पट पैसे मोजून खेळण्याची निश्चित वेळ विकत घ्यावयाची, सकाळी एडिंबरोहून मोटारीने निघावयाचे, अठरा होल खेळून आणि स्विल्कन ओढ्यावरील दगडी पुलावर छायाचित्र काढून रात्री मुक्कामास परतावयाचे, अशी ही योजना असते. ज्या गावाने हे मैदान शतकानुशतके राखले त्याची ओळखही न होता मनुष्य परत येतो, आणि गावाला वगळून हे मैदान समजण्याजोगे नाही.

या भूमीची घडणच प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. फार प्राचीन काळी समुद्र मागे हटला तेव्हा त्याने आपल्यामागे वाळूचा जो उंचसखल पट्टा ठेवला, तो नांगरास निरुपयोगी म्हणून चराईला, सशांना आणि गावकऱ्यांच्या करमणुकीला मोकळा राहिला. पावसाचे पाणी वाळूत तत्काळ मुरते, खारा वारा गवताला उंच होऊ देत नाही, आणि त्यामुळे पायाखालची जमीन अशी घट्ट राहते की चेंडू हवेतून जितका जातो तितकाच जमिनीवरूनही धावतो. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी जे खड्डे पाडले त्यांचेच पुढे बंकर झाले, असे परंपरा सांगते. आज त्यांची संख्या 112 आहे, आणि त्यांपैकी कित्येक तर चेंडू आत जाईपर्यंत दृष्टीसही पडत नाहीत. खेळाडू ज्या चिंचोळ्या पट्टीतून बाहेर जात त्याच पट्टीतून परत येत, म्हणून येथील सात ग्रीन दुहेरी आहेत: दुसऱ्या होलचे ग्रीन सोळाव्याचे, तिसऱ्याचे पंधराव्याचे, असे जोडीतील आकड्यांची बेरीज नेहमी अठरा भरेल या हिशेबाने. सगळ्या जगाने प्रमाण मानलेली अठराची संख्याही येथलीच. 1764 मध्ये बावीसांवरून ती अठरावर आणली गेली. कोणा एका शिल्पज्ञाने कागदावर रेखून हे मैदान उभारले नाही. वारा, वाळू, जनावरे आणि माणसांची पावले यांनी ते घडविले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉम मॉरिससारख्या जन्माने त्याच गावच्या माणसाने त्याची अनेक वर्षे निगा राखली.

अशी भूमी पहिल्या भेटीत प्रसन्न होत नाही. अमेरिकेचा बॉबी जोन्स 1921 च्या ओपन स्पर्धेत, एकोणिसाव्या वर्षी, तिसऱ्या फेरीतील अकराव्या होलच्या वाळूत असा अडकला की चेंडू उचलून त्याने स्पर्धाच सोडून दिली. पण पुढे तेथेच त्याने 1927 ची ओपन आणि 1930 ची ब्रिटिश ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकली. आणि 1958 मध्ये, आजाराने शरीर खचलेले असताना, त्या गावाने त्याला आपले सन्माननीय नागरिकत्व बहाल केले. जोन्ससारख्या प्रतिभावंताला जे मैदान उमगण्यास वर्षे लागली, ते चार तासांत आपल्यास कळावे ही अपेक्षा ठेवणेच व्यर्थ आहे.

या मैदानाच्या मालकीचा इतिहास मला त्यावरील खेळाच्या इतिहासाहूनही अधिक उद्बोधक वाटतो. धनुर्विद्येच्या सरावात व्यत्यय येतो म्हणून स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने 1457 मध्ये या खेळाला मनाई केली होती; इतका तो रयतेच्या अंगवळणी पडला होता. पुढे 1552 मध्ये आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने या किनाऱ्यावर ससे पाळण्याची परवानगी घेताना जी सनद करून दिली, तीत गावकऱ्यांचा तेथे गोल्फ खेळण्याचा पूर्वापार हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. ज्याच्या हाती सर्व अधिकार एकवटलेला होता अशा धर्माधिकाऱ्याने रयतेच्या वहिवाटीपुढे मान तुकवावी, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि सनद असली म्हणजे हक्क सुरक्षित राहतोच असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस गावची तिजोरी रिती झाली, 1797 मध्ये ही जमीन हातची गेली आणि सशांचा व्यापार करणाऱ्यांनी तिच्यावर ससे सोडले. पोखरलेल्या जमिनीवर खेळ अशक्य झाला. पुढची अनेक वर्षे कज्जेदलाली आणि प्रसंगी हातघाई चालली. अखेर 1821 मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचे मालक जेम्स चीप यांनी ती जमीन विकत घेऊन गोल्फ वाचविला. 1894 मध्ये खास कायदा होऊन ती पुन्हा गावाच्या मालकीची झाली, आणि 1974 पासून, तीही पार्लमेंटाच्या कायद्यानेच, एक सार्वजनिक न्यास तिचा कारभार पाहतो.

ज्याने गावचे गायरान कोणाच्या घशात जाताना पाहिले आहे, त्या महाराष्ट्रीय वाचकाला या हकीगतीचे मोल वेगळे सांगावयास नको. पहिल्या टीच्या मागे ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची जी भव्य इमारत उभी आहे, तिच्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो की मैदान त्या क्लबाचे. ते तसे नाही. क्लब 1754 चा आणि मोठ्या प्रतिष्ठेचा खरा, 2014 पर्यंत त्याने स्त्रियांना सभासद करून घेतले नव्हते हेही खरे. परंतु त्याच्या खिडक्यांसमोर पसरलेली भूमी लोकांची आहे. रविवारी, मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडल्यास, तेथे खेळ बंद असतो आणि आबालवृद्ध, कुत्री, बाबागाड्या असा सारा गाव त्या जगद्विख्यात फेअरवेवरून संथपणे फिरत असतो. आपल्याकडे गोल्फ म्हणजे उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि सभासदत्वाची दीर्घ प्रतीक्षा. मुंबईत हा खेळ 1842 पासून आहे, पण बव्हंशी तो फाटकाआडच राहिला. मूळ गावी तो असा उघड्यावर नांदतो, हे दृश्य आपल्या गोल्फप्रेमींनी डोळ्यांनी पाहणे मला अत्यंत अगत्याचे वाटते.

म्हणून आखणी करावयाची ती सोडतीच्या भरवशावर करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. ओल्ड कोर्सवरील पुष्कळशा वेळा रोज सोडतीने वाटल्या जातात. ज्या दिवशी खेळावयाचे त्याच्या दोन दिवस आधी दोन ते चार खेळाडूंची नावे नोंदवावयाची आणि निकालाची वाट पाहावयाची. जवळ हँडिकॅपचा अधिकृत दाखला मात्र हवा. भर हंगामात शुल्क माणशी तीनशे पौंडांच्या वर जाते, आणि ही रक्कम हलकी आहे असे मी म्हणणार नाही. पण सोडतीत धनिक आणि सामान्य यांची नावे एकाच यादीत पडतात. निश्चित वेळेसाठी जे पैसे जादा मोजावयाचे, ते गावात आणखी चार दिवस राहण्यात खर्च करावेत. रोज नाव द्यावे, आणि तोवर त्याच न्यासाच्या इतर मैदानांवर खेळावे. 1895 चा ‘न्यू कोर्स’ टॉम मॉरिसनेच आखलेला असून त्याची जमीन ओल्ड कोर्सच्या कडेने गेलेली आहे. जाणते खेळाडू त्याला मुळीच दुय्यम मानत नाहीत. 1897 चा ‘ज्युबिली’ आणि 1914 चा ‘ईडन’ही तेथेच आहेत.

मुक्काम मे ते सप्टेंबर यांच्या दरम्यान असावा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही खेळण्याजोगा उजेड असतो. हिवाळ्यात मात्र गवत वाचविण्यासाठी फेअरवेवर चटईवरून फटका मारावा लागतो. ओपन ज्या वर्षी तेथे भरते त्या वर्षीचा उन्हाळा टाळलेला बरा. गावाची स्वतःची रेल्वे 1969 मध्ये बंद पडली, तेव्हा एडिंबरोहून लूकर्स स्थानकापर्यंत गाडीने आणि पुढे आठेक किलोमीटर बसने जावे. प्रकृतीची अडचण नसेल तर ओल्ड कोर्सवर पायीच चालावे लागते, आणि समुद्राकडून येणारा वारा दिशा बदलत असल्याने जूनमध्येही लोकरीचा अंगरखा जवळ ठेवावा. खर्चात कशाचीही काटकसर करा, पण कॅडीची करू नका. न दिसणारे बंकर कोठे आहेत आणि कोणत्या चर्चच्या मनोऱ्याच्या रोखाने चेंडू मारावयाचा, हे तेथे वाढलेल्या माणसाशिवाय कोणी सांगू शकत नाही. शिवाय गावाशी खरी ओळख होण्याचा तोच सर्वांत जवळचा मार्ग आहे.

सोडतीत नाव निघण्याची शाश्वती कोणी देऊ शकणार नाही. क्वचित आठवडा काढूनही ते निघत नाही, आणि तशा वेळी मनुष्य खिन्न होतो. परंतु एका लहानशा गावाने कज्जे करून, कायदे करवून घेऊन राखलेल्या जमिनीवर आपण पाहुणे आहोत; स्थानिक रहिवाशांचा हक्क आपल्या आधीचा आहे, आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या वेळांबद्दल तक्रार करण्याचे आपल्यास कारण नाही. तेव्हा पुढल्या उन्हाळ्यात जे जाणार असतील त्यांनी तिकिटे काढण्यापूर्वी मुक्कामाचे दिवस वाढवावेत, त्यांत एक रविवार अवश्य धरावा, आणि त्या दिवशी खेळाचे सामान खोलीवर ठेवून, घरातील न खेळणाऱ्या माणसांनाही बरोबर घेऊन, पहिल्या टीपासून अठराव्या ग्रीनपर्यंत ते मैदान सावकाश चालून यावे.