पत्ता गाळलेला आवाज

अंधेरीचे जे. बी. नगर म्हणजे पिनकोड ५९, कुर्ला म्हणजे ७०. २०१५ साली अंधेरीचा डिव्हाइन ऊर्फ विवियन फर्नांडिस आणि कुर्ल्याचा नेझी यांनी ‘मेरे गली में’ हे रॅप गाणे आणले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये जन्मलेली ही कला त्यांनी बंबइया हिंदीत अस्सल उपनगरी केली. त्यांच्यावरून स्फुरलेल्या झोया अख्तरच्या ‘गली बॉय’ने २०१९ मध्ये तिला देशभर नेले, पण त्यातला नायक राहतो धारावीत! मला खटकते ते हेच. उपनगर म्हणजे लोकलने झोपायला परतण्याची जागा, हा समज या पोरांनी मोडला होता. पडद्याने त्यांची गोष्ट उचलली, पत्ता मात्र गाळला. मुंबईच्या गरिबीचा एकच पत्ता बाजाराला ठाऊक असतो.