ताईचा सल्ला : मुलगी स्पॅनिश शिकते म्हणते!

प्रश्न : मुलीला स्पॅनिश साहित्य-सिनेमात संशोधन करून प्राध्यापिका व्हायचंय. हे म्हणतात, उपयोग काय? यंदा स्थळं बघू. काय करू?
– एक आई, मिरज

उत्तर : अहो, वाट लांबची आहे खरी. आधी भाषा पक्की हवी, मग एम.ए., पीएच.डी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सोय आहे. नोकऱ्या मोजक्याच, हे तिला आत्ताच सांगा. भाषांतराचे काम जोडीला असू द्यावे.

पण निरुपयोगी कसे म्हणायचे? कार्मेन लाफोरेत यांची ‘नादा’ कादंबरी १९४५ साली निघाली, तेव्हा त्या अवघ्या २३ वर्षांच्या होत्या. यादवी युद्धानंतर बार्सिलोनाला शिकायला आलेल्या मुलीची ही गोष्ट. १९४७ साली तिच्यावर सिनेमाही आला. त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईला नोकरी धरायला, बँकेत खाते उघडायला नवऱ्याची परवानगी लागे. कायदा बदलला १९७५ मध्ये! बायकांचे हे जगणे अशा पुस्तकांतूनच कळते ना?

रात्रीची जेवणे झाली, की हे सारे यांना शांतपणे वाचून दाखवा. स्थळे थांबतील; प्रवेशाची तारीख थांबत नाही.