आधी दिसले पाहिजे

पृथ्वीच्या वाटेवर येऊ शकणारे लघुग्रह शोधण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, या प्रश्नाशी वाङ्मयाच्या अभ्यासकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे. प्रलयाची भाषा आपल्या परंपरेत विपुल आहे. टाळता येण्याजोग्या संकटाविषयी बोलण्याची भाषा मात्र आपण पुरेशी कमावलेली नाही. म्हणून एखादा लघुग्रह मथळ्यांत 'धडकतो', आठवड्याभरात विसरला जातो, आणि आकाशावर नजर ठेवण्याचा खर्च कोणी उचलायचा हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. लोकमानसाने तेथे लवणासुराचा वध पाहिला. यात हसण्यासारखे काही नाही. झालेल्या घटनेला अर्थ देणे हे कथेचे कामच आहे. पण कथा घटनेच्या मागून येते. दुर्बिणीला घटनेच्या पुढे जाता येते, हा फरक महत्त्वाचा आहे.

३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का येथे सुमारे २,००० चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले. वस्ती विरळ होती, म्हणून त्या घटनेची आठवण जंगलापुरती राहिली. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा एक लघुग्रह हवेत फुटला आणि सुमारे १,५०० माणसे जखमी झाली, बहुतेक खिडक्यांच्या फुटलेल्या काचांनी. तो सूर्याच्या दिशेने आला, त्यामुळे कोणाला आधी दिसलाच नाही. झगझगीत उजेड पाहायला लोक खिडक्यांशी गेले आणि मागाहून आघातलहर आली. 'काचांपासून दूर राहा' एवढी सूचना मिळाली असती तरी कितीतरी जखमा टळल्या असत्या. म्हणजे संकट वळवता आले नाही तरी ते आधी कळण्याला मोल असतेच.

आणि आता ते वळवताही येऊ शकेल, याला आधार आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फस या लघुचंद्रावर मुद्दाम आदळवले गेले. त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. परंतु असा हलका धक्का उपयोगी पडायचा तर तो अनेक वर्षे आधी द्यावा लागतो, आणि अनेक वर्षे आधी द्यायचा तर धोंडा त्याहून आधी सापडावा लागतो. सारे येऊन थांबते ते शोधापाशी.

येथेच हात आखडला जातो. १४० मीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट वस्तूंपैकी ९० टक्के २०२० पर्यंत शोधाव्यात, असे उद्दिष्ट अमेरिकी काँग्रेसने २००५ मध्ये ठरवले. मुदत उलटून गेली, आणि अंदाजित संख्येच्या निम्म्याही सापडल्या नाहीत. या कामासाठीच आखलेली 'निओ सर्व्हेयर' ही अवरक्त अवकाशदुर्बीण अर्थसंकल्पातील कपातीमुळे दोन वर्षे मागे ढकलली गेली. कायद्याने उद्दिष्ट द्यायचे आणि तिजोरीने साधन द्यायचे नाही, हा प्रकार शिक्षणक्षेत्रातील वाचकांना अपरिचित नसावा.

आक्षेप दोन आहेत. पहिला, भुकेल्या देशाने दगड कशाला मोजावेत? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण 'निओ सर्व्हेयर'च्या विकासासाठी मान्य झालेला खर्च सुमारे १२० कोटी डॉलर आहे, तोही अनेक वर्षांत विभागलेला. भाकरी हिरावून घ्यावी लागेल अशी ही रक्कम नव्हे. दुसरा आक्षेप, श्रीमंत राष्ट्रे करतातच, मग आपण कशाला? याचे उत्तर २०२४ वायआर४ या लघुग्रहाने दिले. २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली होती. संभाव्य आघातपट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया होते. अधिक निरीक्षणे झाली आणि शक्यता जवळजवळ शून्यावर आली. ही भीती घालवली कोणी? निरीक्षणांनीच. लडाखमधील हानले येथे ०.७ मीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आपल्याकडे आहे. अशा दुर्बिणींची संख्या वाढवणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही.

जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा वर्गात बहुधा विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा अशी शिकवली जाते. शास्त्रज्ञ धूमकेतूची दिशा बदलतात, आणि इकडे घरात संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते. हे वाचन योग्यच आहे, पण अपुरे आहे. कथेची सुरुवात रात्री आकाश पाहणाऱ्या एका हौशी माणसापासून होते. त्याने पाहिले नसते तर यान निघाले नसते, आणि यज्ञाचेही कोणाला सुचले नसते.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल. तो आदळणार नाही, हे आज ठामपणे सांगता येते, कारण त्याच्यावर वर्षानुवर्षे नजर ठेवली गेली. अशी निश्चिंती विकत घ्यावी लागते. तिची किंमत शासनांनी द्यावी, आपल्याही शासनाने आपला वाटा उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.