हप्ता कित्ता है?

आमच्या मोहल्ल्यात कुणाकडे नवा टीव्ही आला की पूर्वी लोक विचारायचे, "कित्ते का पड़ा?" आता विचारतात, "हप्ता कित्ता है?" प्रश्न बदलला आणि वस्तूची किंमत विचारण्याची आपली सवयच गेली. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. टीव्ही घ्या, चांगला घ्या. पण 'शून्य टक्के व्याज' या पाटीला भुलून घेऊ नका. तो शून्य खोटा आहे.

मी टीव्हीच्या विरोधात नाही. घरात टीव्ही असावा की नसावा, हा वाद आमच्या अब्बांच्या पिढीनं भरपूर घातला. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला. नवल एवढंच वाटतं की पडद्यावर काय दिसतं यावर तासभर बोलणारे आपले लोक, तो पडदा कोणत्या पैशानं घरात आला यावर चकार शब्द काढत नाहीत.

मागच्या दिवाळीआधी मी नांदेडला एका दुकानात गेलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे गर्दी होती. विक्रेत्यानं माझी खोली केवढी आहे हे विचारलं नाही, घरात काय बघतात हेही विचारलं नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "सर, आधार कार्ड आणलंय का?" टीव्ही २४,००० रुपयांचा, ३,००० चे ८ हप्ते, व्याज शून्य. मी विचारलं, "रोख दिले तर?" बरेच आढेवेढे घेऊन तो म्हणाला, "२२,५०० ला देतो."

आता हिशेब करा. वस्तूची खरी किंमत २२,५००. हप्त्यानं घेणारा १,५०० जास्त देतो. कर्ज दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं, तर हा दर वर्षाला जवळपास १८ टक्के पडतो. वर फाइल चार्ज वेगळा. हप्ता चुकला तर दंड, आणि बँकेत चेक परत गेल्यासारखा तिचा दंड निराळा. सावकार निदान व्याजाला व्याज म्हणत होता!

हे माझ्या एकट्याचं मत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच परिपत्रक काढून बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. बारा वर्षं उलटली, पाटी मात्र तशीच आहे. फक्त 'झिरो पर्सेंट'चं 'नो कॉस्ट' झालं.

कुणी म्हणेल, "सर, उधारीवर खरेदी तर जायज आहे." आहे ना. दुकानदारानं स्वतः माल विकला, उधारीची किंमत सौद्याच्या वेळीच पक्की केली आणि उशीर झाला तरी ती वाढवली नाही, तर अनेक उलेमा त्याला व्यापारच मानतात. इथे तसं नसतं. टीव्ही दुकानदाराचा, पैसा फायनान्स कंपनीचा, आणि उशीर झाला की रक्कम वाढते. कुरआननं व्यापार आणि सूद यांच्यात जी रेघ ओढली आहे, ती फाइल चार्जच्या पावतीनं पुसली जात नाही.

बरं, एवढं करून घेतो काय? आपल्या खोल्या दहा बाय दहाच्या. पडद्यापासून आपण सहा-सात फुटांवर बसतो. एचडी रेडी पडद्यावर सुमारे साडेदहा लाख ठिपके असतात, फुल एचडीवर वीस लाख आणि फोर-के वर त्र्याऐंशी लाख. पण ३२ इंची एचडी रेडीचे ठिपके सहा फुटांवरून साध्या डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचंही तेच. त्यात घरी डीडी फ्री डिश असेल, तर तिच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्याच येतात. फोर-के पडदा ते चित्र नुसतं ताणून दाखवतो. म्हणजे जे डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी आठ महिने हप्ता! दुकानात जाण्याआधी टेपनं अंतर मोजा. तो टेप तुमचे पाच-सात हजार वाचवेल.

खरी चीड मला दुसऱ्याच गोष्टीची येते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नोंद आहे, की काही बँका ठरावीक वस्त्यांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवतात आणि तिथे कर्ज सहजासहजी देत नाहीत. आजही आपल्या वस्तीतल्या बाईला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं असेल तर चकरा माराव्या लागतात. टीव्हीसाठी मात्र तेच नाव, तोच पत्ता चालतो आणि दहा मिनिटांत कर्ज मंजूर! कमावण्यासाठी आपली पत नाही, खर्चण्यासाठी आहे. ही मेहेरबानी समजू नका.

एवढं वाचूनही कुणाला हप्त्यानंच घ्यायचं असेल, तर दोन गोष्टी मागा. आधी रोखीची किंमत विचारा. मग 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जासोबत हा कागद देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहावा लागतो आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवा. तुम्हाला मराठी कळतं तर मराठीत मागा, उर्दू कळते तर उर्दूत मागा. न वाचलेल्या इंग्रजीवर अंगठा टेकवू नका, मोबाईलवरचा ओटीपीही सांगू नका.

आणि खरा शून्य टक्का हवा असेल तर तो आपल्याच गल्लीत आहे. दहा बायकांची बीसी, महिना २,००० रुपये, दहा महिन्यांत प्रत्येकीला आळीपाळीनं २०,०००. ना फाइल, ना ओटीपी, ना वसुलीवाल्याचा फोन. आमच्या घरातला ३२ इंची टीव्ही बेगमच्या बीसीतूनच आला. तिचा नंबर यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत टीव्ही नव्हता म्हणून घरात कुणाचं काही अडलं नाही.