पिवळ्या कार्डाचा खेळखंडोबा

मसाईमाराचा सीझन तोंडावर आला आहे आणि या महिन्याच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रे यलो फीवरचीच आहेत. नाशिकच्या एका सभासदाच्या ग्रुपमध्ये बावीस पॅक्स, त्यांतले चौदा साठीपुढचे. लसीकरण केंद्रावर गेल्यावर सांगण्यात आले, फिजिशियनचे पत्र आणा. पत्र घेऊन गेले तर त्या दिवशी लस नव्हती. तिसऱ्या खेपेला लस होती, पण पत्रात ‘प्रवासास योग्य’ असे लिहिले होते, ‘लसीस योग्य’ असे नव्हते. पहाटेच्या गाडीने आलेली चौदा ज्येष्ठ माणसे दुपारी वडापाव खाऊन परत गेली. पाच जणांनी बुकिंग रद्द केले आणि भरलेली रक्कम पूर्ण परत मागितली. लँड पार्टीने अर्थातच एक डॉलरही सोडला नाही.

आता यात लसीच्या मूळ नियमाची चूक किती? मुळीच नाही. आपल्यातले जुनेजाणतेही ग्राहकाला सांगतात की ‘केनियाला लस लागते’. भारतातून थेट नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया लसीचे पिवळे कार्ड मागत नाही, कारण भारत पीतज्वराच्या देशांत मोडत नाही. कार्ड मागते आपले सरकार, परत येताना. एडिस डास आपल्या प्रत्येक गच्चीवरच्या टाकीत आहे, विषाणू तेवढा अजून आलेला नाही. म्हणून कार्डाशिवाय उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. यावर कुरकुर करण्यात अर्थ नाही.

कुरकुर करायची ती हा नियम राबवणाऱ्या व्यवस्थेबद्दल. लस फक्त नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि ती केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोजकी. एका कुपीत अनेक डोस असतात, कुपी उघडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून ठरावीक वारी पुरेशी माणसे जमली तरच ती फोडायची. हेही समजू शकते. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्याला गंभीर दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, तेव्हा डॉक्टर काळजी घेतात ते योग्यच. पण त्यासाठी कोणता कागद हवा, त्यावर काय लिहिलेले हवे, हे प्रत्येक केंद्राने आपापल्या मर्जीने का ठरवावे? एकच छापील नमुना काढून तो फलकावर लावायला किती खर्च येतो? आपल्या ग्रुप टूरचा कणाच मुळी निवृत्त शिक्षक, बँकेतून सेवानिवृत्त झालेले, मुलगा अमेरिकेत असलेले दांपत्य. या वयाच्या माणसांना तीन खेपा घालायला लावणे याला काळजी म्हणत नाहीत.

कार्डाची गंमत तर वेगळीच. 11 जुलै 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, जुन्या कार्डांवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी. माझे स्वतःचे कार्ड 2011चे. गेल्या वर्षी चेक-इन काउंटरवरच्या मुलाने ‘सर, हे एक्स्पायर झालंय’ म्हणून चाळीस मिनिटे उभे केले. ती अडचण मिटली तेव्हा त्याला दुसरी सापडली: कार्डावरचा पासपोर्ट क्रमांक जुना. कार्ड जन्मभराचे, पासपोर्ट दहा वर्षांचा, आणि दोहोंवरचा क्रमांक एकच असावा ही अपेक्षा. जुना रद्द झालेला पासपोर्ट योगायोगाने बॅगेत होता म्हणून सुटलो. तेव्हापासून आमच्या ऑफिसात दोन्ही पासपोर्ट आणि कार्ड एकाच पाकिटात जातात. आपणही तसेच करावे. आणि कार्डावर प्रवाशाने स्वतः सही केली आहे ना, हे पाकीट बंद करण्यापूर्वी बघावे.

अधिकाऱ्यांना बोललो, आता आपल्याला. लसीनंतर दहा दिवसांनी कार्ड लागू होते, हे या धंद्यातल्या पोराटोरालाही माहीत आहे. तरी काही हुशार मंडळी निघण्याच्या चार दिवस आधी लस टोचून घेतात. हिशेब असा की भारतात परतेपर्यंत दहा दिवस भरतातच. हिशेब बरोबर आहे, पण तो फक्त केनियापुरता. पाचव्या दिवशी नामंगाच्या सीमेवर तोच ग्रुप टांझानियात शिरतो, आणि टांझानिया केनियातून येणाऱ्याकडे कार्ड मागते. तिथे टूर मॅनेजरने कोणाचे पाय धरायचे?

दुसरे दुखणे स्वस्त तिकिटाचे. केपटाउनचा ग्रुप, दक्षिण आफ्रिकेला लसीची गरज नाही, म्हणून निश्चिंत. तिकीट मात्र अदिस अबाबामार्गे. विमानतळाच्या आतच राहिलेल्या ट्रान्झिट प्रवाशाला भारतात सूट आहे, पण ‘तो बाहेर पडला नाही याबद्दल आरोग्य अधिकाऱ्याचे समाधान झाल्यास’. हे समाधान कशाने होते, याचे उत्तर वीस वर्षांत मला मिळालेले नाही. बोर्डिंग पासचे तुकडे जपून ठेवा, एवढेच सांगतो. आणि पुढचे विमान रद्द होऊन कंपनीने प्रेमाने हॉटेलात नेऊन झोपवले, तर सूट संपली. ट्रान्झिट बारा तासांच्या वर गेले तर दक्षिण आफ्रिकाही कार्ड मागू शकते. चार-पाच हजार वाचवण्यासाठी हा जुगार कोणी खेळावा? ज्या ज्येष्ठांना लस देता येत नाही त्यांना नामिबिया, बोट्सवाना, व्हिक्टोरिया फॉल्स विका, आणि तिकीट आखातमार्गे काढा. डॉक्टरचे सूटपत्र हातात असले तरी ते मानायचे की नाही, हे समोरच्या अधिकाऱ्यावर असते.

ग्राहकाला अर्धवट सांगण्याची आपली खोड लसीपुरतीच नाही. आफ्रिकेत 54 देश आहेत आणि आपल्या ब्रोशरवर अजून ‘आफ्रिका 9 दिवस’ असे छापले जाते. मग मारातून थेट सेरेनगेटीत गाडी नेता येत नाही, ती सीमा पर्यटकांना 1977 पासून बंद आहे, हे ग्राहकाला तिथे गेल्यावर कळते. माराचे तिकीट जुलैपासून माणशी दिवसाला 200 डॉलर आणि तेही बारा तासांचे. निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडला नाहीत तर नवे तिकीट. तरीही शेवटच्या सकाळचा गेम ड्राइव्ह अकरापर्यंत छापणारे आहेतच. छोट्या विमानाला माणशी 15 किलो आणि मऊ बॅग. विल्सन विमानतळावर काट्याला बॅग अडकवून चिवड्याचे डबे बाहेर काढणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत. तो चिवडा प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर केनियात 2017 पासून बंदी आहे, कापडी पिशवीत भरायला निघण्यापूर्वीच सांगा.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. लस न टोचता शिक्का मारलेले कार्ड ‘करून देणारे’ दलाल फिरत आहेत आणि आपल्यातलेच काही त्यांचे नंबर पुढे पाठवतात. असे कार्ड सापडले तर प्रवासी तर जाईलच, पण तुमचे नाव त्याच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत निघेल. ज्या माणसाने तुमच्यावर भरवसा ठेवून आयुष्याची शिल्लक मोडली, त्याला लसीच्या संरक्षणाविना जंगलात पाठवणे ही कसली सेवा?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पाठवायचे निवेदन आम्ही तयार करत आहोत. साठीपुढच्यांसाठी एकच छापील नमुना, प्रत्येक केंद्राने लस कोणत्या वारी मिळेल हे आधी जाहीर करणे, आणि जिल्ह्यांत आणखी केंद्रे, एवढ्या तीनच मागण्या. आपल्या ग्रुपला कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने परत पाठवले ते येत्या 20 तारखेपर्यंत लेखी कळवा, कागदाची छायाप्रत जोडा. पुराव्याशिवाय पाठवलेल्या निवेदनाला उत्तर येत नाही, हे मागच्या दोन्ही वेळी आपण पाहिले आहे. आणि ज्यांच्या जुलैच्या ग्रुपने अजून लसीची तारीख घेतलेली नाही, त्यांनी आधी केंद्राला फोन करावा.