त्झात्झिकी आणि शेपू

मंडळी, नातीने फोनवर "आजी, त्झात्झिकी करून बघ ना" म्हटलं, तेव्हा मला ते हजेरीपटावरचं एखादं आडनावच वाटलं! कृती ऐकली आणि कळलं, ही तर आपली काकडीची कोशिंबीर, फक्त ग्रीसची. (शब्द तुर्की 'जाजिक'वरून आलेला. तुर्कांची मात्र आपल्यासारखी पातळ असते.) दह्याऐवजी चक्का, किसून मीठ लावून पिळलेली काकडी, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि... शेपू. हो, तोच शेपू, जो ताटात दिसला की हीच नात नाक मुरडते!

ऑलिव्ह तेलावाचून अडू नये, असं माझं मत. पावसाळ्यात टोकावड्याच्या रस्त्यावर मिळणारी गावठी काकडी आणि घरी टांगलेला चक्का पुरे.

आपण पाणी शोषायला दाण्याचं कूट घालतो, ते लोक पिळून काढतात. ठीक आहे. खटकतं ते पिळलेलं पाणी ओतून देणं. आमच्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. मला नाही बुवा ओतवत. काकडीचं आणि चक्क्याखालचं, दोन्ही पाणी मी थालीपिठाच्या भाजणीत घालते. त्यात वेगळं मीठ बेतानेच घाला.